कणगीवाले भाऊ

भाऊंना कौतुक करणारा माणूस आवडत नसे. कोणी ऑफिसात येऊन "वा, छान काम चाललंय" म्हणालं की ते त्याला उभ्या उभ्या कोरा चहा पाजत आणि वाटेला लावत. तक्रार घेऊन आलेल्याला मात्र पंख्याखालची खुर्ची मिळे. "बोल, काय मोडलं?" असं विचारताना त्यांचा चेहरा असा फुलत असे की तक्रार करणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

सकाळी आल्या आल्या वर्तमानपत्र वाचतात तसे ते इंटरनेटवरच्या तक्रारी मोठ्याने वाचत. आमच्याबद्दलच्या नव्हेत, आमच्याबद्दल कोण कशाला लिहील? जगातल्या बड्या बड्या डेटाबेसबद्दल लोकांनी काढलेला राग. एकेक वाचून झाला की मान वर करून मला विचारायचे, "हे आपल्याकडं होतं का नाय होत?" मी "नाही होत" म्हटलं की ते थोडे खट्टू होत. आपली चूक सापडली नाही याचं वाईट वाटणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमचं ऑफिस डहाणूत, फुग्यांच्या एका लहानशा कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून खाली पांढरी भुकटी मारत, ती जिन्यावरून उडत वर येई आणि की-बोर्डपासून माझ्या ओढणीपर्यंत सगळ्यावर बसे. भाऊ ऑफिसात अनवाणी वावरत. त्यामुळे त्यांची पावलं फरशीभर उमटलेली असत आणि माझ्या खुर्चीमागे येऊन ते गुपचूप किती वेळ उभे होते ते मला नंतर कळे. पन्नाशी ओलांडलेला माणूस, खांद्यावर कायम एक चौकड्यांचा टॉवेल, आणि टायपिंग दोन बोटांनी. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या एका पाड्यावर त्यांचं घर. तिथून रोज मोटारसायकलने येत. वापीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या खात्यात त्यांची चांगली जागा होती. ती सोडून त्यांनी कणगी करायला घेतली होती.

कणगी म्हणजे आमच्याकडे भात साठवायची बांबूची मोठी, शेणाने सारवलेली टोपली. भाऊंची कणगी म्हणजे माहिती साठवायची जागा. नेहमीच्या डेटाबेसात आधी रकाने आखावे लागतात, नाव, गाव, वय, फोन. ज्याच्याकडे फोन नाही त्याचा रकाना रिकामा राहतो, आणि ज्याला चार गोष्टी जास्त सांगायच्या आहेत त्याला जागाच नसते. कणगीत रकाने नव्हते. प्रत्येक नोंद म्हणजे एक अख्खा कागद, ज्याला जेवढं सांगायचं तेवढं त्यावर. चिकूच्या वाडीची नोंद एका आकाराची, बर्फाच्या कारखान्याची दुसऱ्या आकाराची, आणि दोन्ही शेजारी शेजारी सुखाने नांदत. अशा जातीचे डेटाबेस जगात आणखी आहेत, भाऊंनी काही नवा शोध लावला नव्हता. पण कणगी हलकी होती, जुन्या मशीनवर चालायची आणि वीज गेली तरी तिच्यातलं काही सांडत नसे. आमच्याकडे वीज जाते म्हणून ती तशी झाली होती.

आणि ती कोणी वापरत नव्हतं. म्हणजे डहाणूचे चिकूचे दोन-तीन व्यापारी वापरत, त्यांची कामं आम्हीच करून देत होतो. भाऊंना ते मोजायचंच नव्हतं.

"वळखीचा माणूस भिडेनं वापरतो, बाय," ते मला म्हणत. "मना अनोळखी पायजे. ज्याचं तोंड मी कधी पाह्यलं नाय, असा कोणी. त्यानं आपल्या अकलेनं कणगी घ्यावी आणि तिच्यावर कायतरी उभं करावं."

असा एक तरी अनोळखी दिवाळीपर्यंत आला नाही तर कणगी बंद करायची आणि वापीला परत जायचं, असा शब्द त्यांनी वहिनींना दिला होता. वापीवाल्यांनी जागा धरून ठेवली होती. वहिनींचा रोज दुपारी फोन येई. "आला का कोणी?" एवढंच विचारत. भाऊ "नाय" म्हणत आणि मग दोघं भाजीपाल्याचं बोलत. त्या बाईने एकदाही टोमणा मारला नाही, हे मला जास्त लागायचं.

मी धाकटी डहाणू या कोळ्यांच्या गावची. बापाची बोट, आई बोंबील वाळवून बाजारात बसते, आणि घरातली कॉम्प्युटर शिकलेली मी एकटी. माझं काम स्क्रीनचं. म्हणजे माणसाला समोर जे दिसतं ते, बटणं, याद्या, पानं. हे काम आजकाल कोणी अगदी पहिल्यापासून करत नाही. त्यासाठी तयार सांगाडे मिळतात, रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर अशा नावांचे. जगभरची पोरं त्यातला एखादा शिकतात आणि त्यावरच आयुष्य काढतात. भाऊंना या सगळ्याचा मनापासून तिटकारा होता. मला ते 'रंगारीण' म्हणत.

"भिंत माझी. तू रंग काढ," हे ठरलेलं वाक्य.

"भिंत कोणी बघत नाही भाऊ, रंग बघतात," हे माझं.

ऑफिसात नवीन माणूस आला, मग तो पोस्टमन का असेना, की भाऊ त्याला कोऱ्या मशीनसमोर बसवत आणि कणगी बसवून दाखव म्हणत. स्वतः मागे उभे राहत. मदत करायची नाही असा त्यांचाच नियम, आणि तो पाळता यावा म्हणून ते टॉवेलचं टोक दातांत धरत. माणूस अडला की टॉवेल चावला जाई. एकदा खालच्या कारखान्याचा मुकादम लाइट बिलाचं विचारायला वर आला, तर त्यालाही बसवला. तो बिचारा घामाघूम झाला. भाऊंनी टॉवेलला भोक पाडलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. मुकादम गेल्यावर मात्र ते तासभर बसून त्या पायरीवरची सूचना बदलत राहिले. चूक मुकादमाची असू शकते हे त्यांच्या डोक्यातच येत नसे. स्क्रीनच्या बाबतीत एवढा हट्टी असलेला हा माणूस बाकी सगळ्यात किती ऐकून घेणारा होता ते आठवलं की मला आजही त्यांचा राग येतो आणि मायाही वाटते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी एका कॉलेजने बोलावलं. कॉम्प्युटरच्या मुलांसमोर कणगी दाखवायची होती. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी म्हटलं, मी एक छोटी स्क्रीन करते, मुलांना बघायला काहीतरी हवं. नको म्हणाले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ते एकेक आज्ञा देत गेले आणि कणगी कशी आतून नोंदी लावते, कशी वीज गेल्यावर सावरते, ते सांगत राहिले. सांगत होते ते सगळं खरं होतं. मुलं आधी नम्रपणे बसली, मग मागच्या बाकांवरून एकेक करून चहाला गेली. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, हे रिअ‍ॅक्टला कसं जोडायचं?"

"तुझं तू जोड," भाऊ म्हणाले. "तयार घास कशाला पायजे?"

मुलगी बसली. तिने वहीचं पान मिटलं आणि फोन उघडला, ते मी पाहिलं.

परत येताना वाणगावच्या बाजारात आम्ही मोटारसायकल थांबवली. वांगी-मिरच्यांचे ढीग लागले होते. एका गाडीवर भाऊंनी भजी घेतली आणि खाल्ली नाहीत. मला राग आवरला नाही.

"ती तुमची अनोळखी होती," मी म्हटलं.

"कोण?"

"ती मुलगी. तोंड कधी न पाहिलेली. आली होती ती दारात, भाऊ. तुम्ही हाकलली."

"तिला रिअ‍ॅक्ट पायजे होता. कणगी नाय."

"तिला रिअ‍ॅक्टच येतो! ती जे शिकली त्याच्यासोबत कणगी बसली तर ती कणगी घेणार. नाही तर दुसरं काहीतरी घेणार. त्या पोरांना वेळ आहे का तुमची भिंत कुठून कशी बांधली ते बघायला?"

भज्यांचा पुडा भाऊंनी मला दिला आणि गाडीला किक मारली. घरापर्यंत सोडलं, पण निघताना नेहमीसारखं "येतो, बाय" म्हणाले नाहीत. मला वाटलं, संपलं. दुसरी नोकरी बघायला हवी. नोकरीचं एवढं नव्हतं, पण वापीच्या कंपनीत बिल्ला लावून बसलेले भाऊ माझ्या डोळ्यांसमोर येईनात.

सोमवारी मी पोहोचले तर ते आधीच आलेले. टेबलावर माझ्यासाठी चहा झाकून ठेवलेला. आणि बसायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"मी घरजावय होतो, तुला सांगितलं काय कधी?"

मला माहीत नव्हतं. त्यांच्या समाजात मुलाने मुलीच्या बापाला देज द्यायचं असतं. भाऊंच्या घरात तेव्हा देज द्यायला काहीच नव्हतं. अशा वेळी तिकडे रिवाज असा की मुलाने सासऱ्याच्या घरी राहायचं आणि काही वर्षं त्याच्या शेतात राबायचं. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. भाऊंना तर त्याचा अभिमानच होता.

"गेलो मी, तरणाताठा. म्हटलं, काम दाखवतो यांना. पयल्याच दिवशी नांगर धरला, बैलांना हाक दिली, तर बैल जागचे हलेनात! आमच्या पाड्यावर बैल ज्या हाकेला वळतो ती यांच्या बैलाला ठावच नाय. मी वरडतोय, बैल उभेच. सासरा बांधावर बसून बिडी वढतोय, काय बोलत नाय. दोन दिवस मी त्या बैलांना माझी हाक शिकवत होतो."

"मग?"

"मग काय? बैल त्यांचे, शेत त्यांचं. सासऱ्याची हाक शिकलो. तिसऱ्या दिवशी नांगर चालला." ते थांबले, टॉवेलने तोंड पुसलं. "परवा भज्यांच्या गाडीवर मना ते बैल आठवले. तू बरोबर होतीस. आपण त्यांच्या घरी जायचं. रिअ‍ॅक्टच्या घरी, मग व्ह्यूच्या. राहायचं, त्यांची हाक शिकायची, कणगी तिथं त्यांच्या हाकेला चालली पायजे. शिकव मना."

माणूस इतका सरळ वळू शकतो यावर माझा विश्वास बसेना. पण वळले ते वळले. पुन्हा त्यांच्या तोंडून 'रंगारीण' ऐकलं नाही.

विद्यार्थी म्हणून मात्र भाऊ असह्य होते. प्रत्येक गोष्टीला "असं का?" रिअ‍ॅक्टमध्ये स्क्रीन लहान लहान तुकड्यांची करतात, आणि आतली माहिती बदलली की तेवढाच तुकडा आपोआप बदलतो. हे त्यांना आवडलं, पण ते आवडलंय हे कबूल करायला त्यांनी आठवडा घेतला. "या घरात चूल कुठंय?" असं विचारायचे, म्हणजे माहिती नक्की कोण सांभाळतं. चुकलं की स्वतःच्याच कपाळावर चापट मारत. मी त्यांच्या मागे उभी राहायचे आणि टॉवेल माझ्याकडे नसल्यामुळे ओढणी चावायचे. एका दुपारी त्यांनी केलेली पहिली यादी स्क्रीनवर आली. वेडीवाकडी होती, पण कणगीत नोंद टाकली की तिच्यात आपोआप उगवत होती. ते पुन्हा पुन्हा नोंदी टाकत बसले. मग खाली जाऊन मुकादमाला हाताला धरून वर घेऊन आले, बघ म्हणाले.

आम्ही दोन्ही सांगाड्यांसाठी तयार मांडणी केली. एक आज्ञा दिली की कणगी, स्क्रीन, दोघांची जोडणी, सगळं मांडून मिळे. तिथून पुढे ज्याला जे हवं ते त्याने बांधावं. सूचनाही दोनदा लिहिल्या. एकदाच लिहून दोन्हीकडे वापरू म्हटलं तर भाऊ ऐकेनात. "उंबरगावचा व्यापारी आला की मी गुजराती बोलतो. कचेरीत मराठी बोलतो. घरी गेलो की माझी बोली. मग यांना एकच भाषा कशी?" रिअ‍ॅक्टच्या लोकांना रिअ‍ॅक्टचे शब्द, व्ह्यूच्या लोकांना व्ह्यूचे. कणगीचे आपले शब्द, जे त्यांनी कित्येक वर्षं जपले होते, ते त्यांनी माझ्यासमोर एकेक करून खोडले.

फक्त एका गोष्टीत त्यांनी मला जुमानलं नाही. अशा तयार मांडणीत एक नमुना द्यायचा असतो, आणि जगभर तो नमुना म्हणजे कामांची यादी. दूध आणणे, बिल भरणे, असं काहीतरी. भाऊ म्हणाले, आपली पण कामांचीच यादी, पण आवणीची. आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. आमच्याकडे ती एकमेकांच्या शेतावर जाऊन करतात. आज तुझ्या शेतावर पाडा, उद्या माझ्या. कोण कोणाच्या शेतावर कधी जाणार, त्याचा हा नमुना. नावं त्यांनी आपल्या पाड्यावरची घातली.

पावसाळा सुरू होता होता आम्ही ते सगळं जगासाठी खुलं केलं. आणि काही झालं नाही. पाड्यावरची खरी आवणी आटोपली, गणपती गेले. रोज दुपारी वहिनींचा फोन, रोज "नाय".

मग एक ई-मेल आली, परदेशातून. तुमच्या नमुन्यात चूक आहे, तीच नोंद तीनदा आली आहे, असं त्या माणसाने लिहिलं होतं. भाऊ धावत आले. बघतो तर काय, त्याला खटकला होता बुध्या. भाऊंच्या पाड्यावर बुधवारी जन्मलेल्याचं नाव बुध्या ठेवायची पद्धत, आणि नमुन्यात तीन बुध्ये होते. भाऊंनी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. हे तीन वेगळे गडी आहेत, एक माझा चुलता, एकाची शेळी आमच्या वालात शिरते, तिसरा फार कामसू आहे. तुझ्या गावात एकाच नावाचे तिघे नाहीत का? त्याने हसण्याचं चिन्ह पाठवलं आणि नाहीसा झाला.

"हा बघणारा होता," भाऊ म्हणाले. "वापरणारा नाय."

दसरा झाला. भाऊंनी वापीला फोन करून विचारलं, जागा आहे ना अजून. ते माझ्यासमोरच बोलले, लपवलं नाही. मग फोन ठेवून पुन्हा व्ह्यूच्या सूचना सुधारत बसले. मी म्हटलं, "आता कशाला भाऊ?" ते म्हणाले, "दिवाळी झाली काय? नाय ना? मग?" मला रडू आलं. मी जिन्यात जाऊन रडले आणि पांढऱ्या भुकटीने डोळे चुरचुरल्याचं निमित्त केलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी तक्रार आली. इंग्रजीत, तिरसट. 'व्ह्यूची तुमची मांडणी ज्याने लिहिली त्याने आयुष्यात दिवसभर एक स्क्रीन उघडी ठेवलेली दिसत नाही. सकाळी चालते, दुपारपर्यंत रांगायला लागते. माझ्या दवाखान्यात लोक गुरं घेऊन उभे आहेत.'

भाऊंनी ते मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"दवाखान्यात," ते म्हणाले. "लोक उभे हायत."

लिहिणारी उत्तरेकडच्या कुठल्याशा लहान गावातली जनावरांची डॉक्टर होती. गाईचे प्रश्न वेगळे, कोंबडीचे वेगळे, उंटाचे त्याहून वेगळे. बाजारात तयार मिळणाऱ्या प्रोग्रामच्या रकान्यांत ते बसेनात, म्हणून तिने स्वतःच फावल्या वेळात हे उभं केलं होतं. चूक भाऊंचीच होती. पान बदललं तरी मागचं पान कणगीकडे कान लावून बसून राहायचं, दुपारपर्यंत असे कानच कान साचायचे. संध्याकाळच्या आत त्यांनी ती दुरुस्त केली, मी तपासली, तिला कळवलं. चालतंय, असं तिचं उत्तर आलं. मग भाऊंनी, आयुष्यात पहिल्यांदाच, कौतुक मागितलं. तुम्ही कणगीच का निवडली, असं मला लिहायला लावलं.

तिने लगेच लिहिलं. 'मी तुमची कणगी निवडली नाही. मला व्ह्यू येतं. व्ह्यूसोबत तयार काय मिळतं ते शोधलं, तुमचं मिळालं. आत काय आहे मला ठाऊक नाही. आता सगळी जनावरं त्यात आहेत, तेव्हा कृपा करून बंद करू नका.'

मी ते वाचून दाखवलं आणि त्यांच्याकडे बघायची मला भीती वाटली. इतक्या वर्षांची भिंत, आणि या बाईने ती पाहिलीसुद्धा नव्हती.

भाऊंनी टॉवेल तोंडावर धरला. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ठाऊक नाय म्हणते!" ते म्हणाले. "अगं, ठाऊक नाय, आणि चालवते!"

त्यांनी वहिनींना फोन लावला. आज पहिल्यांदा फोन इकडून गेला होता. "आला," म्हणाले. "म्हणजे आली. गुरांची डॉक्टर हाय. नाय, मी वापीला नाय जात. आता जाता येणारच नाय, बंद करू नका म्हणते."

दिवाळीचे चार दिवस ऑफिस बंद, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. पाडव्याला आईने फराळाचा डबा दिला, भाऊंच्या घरी देऊन ये म्हणाली. तलासरीची गाडी पकडायला मी निघाले, तर वाटेत कारखान्यासमोर त्यांची मोटारसायकल उभी. खाली सगळं बंद, कुलूप. वर भाऊ एकटेच, अनवाणी, नवा शर्ट घालून बसलेले.

"भाऊ, आज पाडवा आहे. इथे काय करताय?"

"जनावरं काय पाडवा बघून आजारी पडतात?" त्यांनी डबा घेतला, उघडला, एक करंजी तोंडात टाकली आणि डोकं पुन्हा स्क्रीनमध्ये घातलं. मग हाताने माझ्याकडे दुसरी खुर्ची ओढली. "बरी आलीस. बस, बस. तिनं अजून चुका काढल्यात."